लग्नातली कोपऱ्यातली बाई

आमच्या घरात कागद आला की आई आधी दार लावायची. कागद कसलाही असो, शाळेचा, रेशनचा, विजेचा. दार लावून ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, "वाच. मोठ्यानं. आन् वाचून झाला का परत वाच, काय बदलतंय का बगू."

तिला अक्षरओळख नव्हती. पण दुसऱ्या वाचनात माझा एखादा शब्द गळला तर ती लगेच पकडायची. "मघाशी 'फक्त' बोललीस. आता कुठं गेला?"

याला कारण होतं. माझ्या आजोबांना गावातल्या एका कारकुनानं एक कागद वाचून दाखवला होता. भाडेपट्टा आहे, जमीन तुमचीच राहणार, म्हणाला. आजोबांनी अंगठा दिला. तो भाडेपट्टा नव्हता. कामतघरच्या बाजूला आमचं भाताचं शेत होतं, त्याच्यावर पत्र्याचा लांबच लांब यंत्रमाग कारखाना उभा राहिला आणि त्याच कारखान्याच्या फाटकावर माझे वडील वॉचमन लागले. आपल्याच शेताची राखण दुसऱ्यासाठी करायची. वडील हसून सांगायचे, "आदी पाखरं हाकलायचो, आता कापडाचे चोर हाकलतो. काम तेच हाय." ते हसायचे तेव्हा आई त्यांच्याकडे बघायची नाही.

आमची खोली कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होती. लूम चालू असले की फळीवरची भांडी आपोआप सरकायची. रोज निजताना ती मागे ढकलून ठेवायची, हे माझं काम. वीज गेली की एकदम शांत व्हायचं आणि मला अभ्यास सुचेनासा व्हायचा. आई धामणकर नाक्यावर सुकट-बोंबील विकायला बसायची. ज्या दिवशी माल खपायचा नाही त्या दिवशी पेज आणि उरलेली सुकट. माझ्याजवळ शाळेचा एकच झगा होता. तो शनिवारी धुतला की रविवारी मी आईचं जुनं पातळ गुंडाळून घरात बसायची. ही तक्रार नाही, होतं ते सांगते. ऐंशीच्या दशकात आमच्यासारखी घरं भिवंडीत काही कमी नव्हती.

मला शिकवलं ते मी हुशार म्हणून नाही. वाचणारं माणूस घरचंच हवं, बाहेरच्यावर भरवसा नको, म्हणून शिकवलं. आमच्या घरातलं पहिलं कॉलेज संशयातून निघालं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

गावाला माझा वेगळा संशय होता. पोर कॉलेजला जाते म्हणजे नक्की कुठं जाते? एकदा माझे चुलते शेअर रिक्षानं माझ्या पाठोपाठ आले, कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत बसले आणि घरी येऊन वडिलांना म्हणाले, "गेली खरी कॉलेजातच. पन काय रं, तिथला मास्तर लय बोलतंय. खिरकीतून आयकून मनाच झोप आली."

बी.ए. झाले. घरात पहिली, भावकीत पहिली. मग ठाण्याला इतिहासात एम.ए.ला नाव घातलं. शेवटच्या वर्षी एक लघुप्रबंध लिहायचा होता. आमचे मार्गदर्शक सर शिस्तीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला एक पातळशी पुस्तिका दिली. मुंबईच्या एका कलासमीक्षकानं भिवंडीच्या एका चित्रकारावर लिहिलेली. "एकोणिसाव्या शतकातला माणूस आहे, तुमच्या गावचा. कोणी काम केलेलं नाही. बघा," म्हणाले.

मी आधी विचार केला, ज्यावर कोणी काम केलेलं नाही ते हे मला का देतायत? पुस्तिका घरी आणली आणि दोनदा वाचली.

चित्रकाराची हकीकत थोडक्यात अशी. भिवंडीत कारकुनांच्या आळीतल्या एका लेखनिकाच्या घरी जन्म. घराण्यात सगळे कचेरीत. हा मुलगा कचेरीच्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढायचा. मुंबईला चित्रशाळेत शिकला, तैलरंग शिकला. पोट भरायला शेटसावकारांची तोंडं काढायचा, देवादिकांची चित्रं काढायचा. पण मन दुसरीकडे. बंदरावर भाताची पोती उतरवणारे लोक, कासाराकडे बांगड्या भरून घेणाऱ्या बाया, हजाम, हातमागावरचे विणकर, अशी रोजच्या जगण्याची चित्रं त्यानं स्वतःसाठी काढली. ती कोणी विकत घेईना. मासे विकणारी बाई बाजारात फुकट बघायला मिळते, ती दिवाणखान्यात कोण लावणार? पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेला. त्याची सात चित्रं त्याच्या पणतूकडे, आळीतल्याच घरात होती. पणतू म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर.

पुस्तिकेनं सगळ्यात जास्त लिहिलं होतं एका चित्रावर. 'कोपऱ्यातली विधवा' असं नाव समीक्षकानंच दिलेलं. खाडीकाठच्या एका गावात, कुडाच्या घरात लग्न चाललंय. मधे हळद लागलेली नवरी, तिच्यावर उजेड. भोवती बाया. मागे डाव्या कोपऱ्यात, अर्ध्या अंधारात, एक बाई बसलेली. कपाळ मोकळं, हात मोकळे, तोंड अर्धवट उघडं. समीक्षकाचं म्हणणं, ती हुंदका देतेय. मंगल प्रसंगी बाजूला टाकलेली विधवा. चित्रकार काळाच्या पुढचा सुधारक होता.

मी हे वाचलं आणि मला पटलं. पटलं म्हणजे काय, छापलेलं होतं.

मास्तरांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "कुठून आलीस? कामतघरची? तिथं कोणाची?"

सांगितल्यावर दारातून बाजूला झाले. मग अटी घातल्या. पिशवी ओटीवर ठेवायची. शाईचं पेन आत आणायचं नाही, पेन्सिल चालेल. चित्राला हात लावायचा नाही. मास्तरीणबाई अडकित्ता घेऊन दाराच्या चौकटीत बसल्या आणि मी होते तितका वेळ सुपारी कातरत राहिल्या. एवढी सुपारी त्या घरात कोण खात होतं कोण जाणे. मला चहा आला तो कान तुटलेल्या कपातून. मी मनात म्हटलं, कळलं. आगरी जातीच्या पोरीला तुटका कप. पुढे महिनाभरानं एकदा मास्तरांच्या मेहुण्यांना चहा आला तेव्हा बघितलं, त्या घरातल्या सगळ्याच कपांचे कान तुटलेले होते. पण तोवर महिनाभर मी तो चहा रागानं प्यायले ते प्यायलेच.

मास्तर पणजोबांविषयी भरभरून बोलायचे. सुधारक हा शब्द दर दोन वाक्यांनी यायचा. नगरपालिकेकडे अर्ज केला होता त्यांनी, पणजोबांच्या नावानं एखादं सभागृह व्हावं म्हणून. पण एक गोष्ट मला खटकायची. चित्रकार खाडीकाठच्या गावांत जाऊन चित्रं काढायचा, तर राहायचा कुठं, असं विचारलं की मास्तर आखडायचे.

"जाऊन येऊन असायचा."

"त्या काळात? पायी? पावसापाण्याचं?"

"म्हटलं ना, जाऊन येऊन."

आणि चौकटीतला अडकित्ता थांबायचा. एकदा मास्तरांनी कपाट उघडलं तेव्हा आत लाल फडक्यात बांधलेली एक वही मला दिसली. "हे काय?" म्हटलं तर कपाट बंद झालं. "जुने हिशेब," म्हणाले. चित्रकाराच्या घरातले हिशेब फडक्यात बांधून कोण ठेवतं? मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "कागद लपवला? मंग त्याच्यानच सगला हाय."

तरीही मी लिहीत सुटले. विधवांचे हाल, सुधारकांची चळवळ, चित्रकाराची करुणा. तीस पानं झाली. सर म्हणाले, ठीक आहे. ही तीस पानं लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की ते चित्र आईला दाखवावं. खरं सांगायचं तर मनातच आलं नाही. चित्रकलेतलं आईला काय कळतंय, असं मी एम.ए.च्या तोऱ्यात गृहीत धरलं होतं. लग्न कुडाच्या घरात होतं, लुगडी आमच्यासारखी नेसलेली होती, गाव आमच्या शेजारचं होतं, आणि तरी मी विचारायला मुंबईच्या पुस्तिकेकडे गेले.

एका रविवारी मी पुस्तिका त्या चित्राच्या पानावर उघडी टाकून पाणी भरायला गेले. परत आले तर आई सुकट निवडायची सोडून पुस्तिकेवर वाकलेली.

"ही कंच्या गावची धवलारीन गं?"

"कोण?"

"ही. हितं बसलेली."

"आई, ती विधवा आहे. रडतेय. तिला लग्नात कोपऱ्यात बसवलंय."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणी पाढा चुकल्यावर वाटायचं तसं वाटलं.

"रांडाव हाय ते मनाबी दिसतंय. पन रडतंय कुठं? गातंय ती. हिच्या म्होरं बग काय हाय."

"सूप आहे. तांदूळ. दिवा."

"मंग? टाकलेल्या बाईच्या म्होरं दिवा कोन ठेवल? आन् तो कोपरा काय म्हनून हाय? देवाचा कोपरा हाय तो. आपल्या घरान लग्नाचा देव कुठं मांडतात?"

मी पुस्तिका उचलून उजेडाकडे धरली.

"आता या सगल्या बायांचे डोले बग. कुनाकडं बगतात? नवरीकडं एक तरी बगतंय का?"

मी बघितलं. एकही बाई नवरीकडे बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या बाईकडे लागले होते, आता ही काय सांगते म्हणून. मी त्या चित्रातल्या लुगड्यांच्या काठांवर अर्धं पान लिहिलं होतं. डोळे कुठं आहेत ते पाहिलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजी फार उशिरा आले. त्याच्या आधी, आणि कित्येक घरांत त्याच्यानंतरही, लग्नाचे विधी करते ती धवलारीण. ती धवले गाते, म्हणजे लग्नातली विधीची गाणी, आणि ती गाते त्या क्रमानं लग्न पुढे सरकतं. तिनं सांगितल्याशिवाय हळद नाही, तिनं सांगितल्याशिवाय नवरी उठत नाही. आमच्या गावची धवलारीण विधवा होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या आईचं लग्न तिनंच लावलं होतं. त्या चित्रातली बाई बाजूला टाकलेली नव्हती. ते लग्न तीच लावत होती.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून ठेवला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"आई काय करतात?"

"सुकट विकते."

सर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण म्हणाले, "तुमच्या समाजाबद्दल तुम्हाला अभिमान असणार, स्वाभाविक आहे. उद्या कोणी म्हणेल, मुलीनं स्वतःच्या जातीसाठी चित्राचा अर्थ फिरवला. लेखी पुरावा आणा. नाहीतर पहिली तीस पानं आहेत तशी द्या, पास व्हाल. मुदत पाच आठवडे आहे. आणि एक ऐकून ठेवा, बाहेरचे परीक्षक म्हणून पुस्तिकेचे लेखकच येणार आहेत."

ठाण्याहून परत येताना एसटीत मी एकच विचार करत होते. हे आधी का नाही सांगितलं? जुनी पानं दिली तर एम.ए. माझ्या हातात होतं. नवीन लिहिलं तर ज्या माणसाला मी चूक ठरवणार तोच मला गुण देणार. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "खोट्यावर अंगठा देऊन आपला काय झाला ते तुना म्हाईत हाय. पन दोन वरसं फुकट जातील तेबी बग. तू शिकलेली हाईस, तू ठरव."

लेखी पुरावा असलाच तर लाल फडक्यात होता. मास्तरांना वही मागितली. "कसली वही?" म्हणाले. मी म्हटलं, लाल फडक्यातली. "हिशेब आहेत. आणि मोडीत आहे. मोडी आता कोणाला येते?"

"मला येते," म्हटलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी मोडीचा वर्ग केला होता. घरी सांगितलं तेव्हा आईला फार आनंद झाला होता, कारण जुने कागद सगळे त्याच लिपीत असतात.

मला वाटलं होतं मास्तरांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला. "आता येऊ नकोस काही दिवस," म्हणाले. माझी खात्री झाली. यांना ठाऊक आहे. यांचा सुधारक पणजोबा, यांचं सभागृह, सगळं त्या रडणाऱ्या विधवेवर उभं आहे. म्हणून वही दाबून ठेवलीय. आळीतले कारकून, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेले. आईनं नाक्यावर बसायचं सोडून चांगलं लुगडं नेसलं. दारात मास्तर.

आई म्हणाली, "मास्तर, वही नका दाखवू तुमी. मना चित्र दाखवा. सुकटवाली हाय, पन हात धुऊन आलेय."

मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, "अहो, येऊ द्या त्यांना. दारात तमाशा नको."

खरं चित्र आईनं पहिल्यांदा बघितलं. पुस्तिकेत छापलेलं चित्र काळं-पांढरं होतं. इथं हळद हळदीच्या रंगाची होती. आई बराच वेळ उभी राहिली, मग हळूच, अगदी घरात भांडी घासताना गुणगुणतात तशी, हळदीच्या धवल्याच्या दोन ओळी म्हणाली. मग थांबली आणि मास्तरांकडे वळली.

"एक विचारू? तुमचा पनजा हितं कुठं बसलावता?"

"म्हणजे?"

"हे जिथून दिसतंय ती जागा. हे दारातून नाय दिसत. दार तिकडं हाय. ह्यो मानूस आत बसलाय, बायांच्या घोलक्यान, धवलारनीच्या म्होरं. तिथं परका बाप्या नाय बसवत कोन. घरचा आसल तरच."

मला हवा होता तो पुरावा हा नव्हता. पण मास्तर एकदम खुर्चीवर बसले. मास्तरीणबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यांनीही ओळखलं."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? सून म्हणून आले तेव्हापासून ऐकतेय. खाडीकडे बाई होती त्यांची. महिना महिना तिकडे राहायचे. सासूबाई सांगायच्या. आणि हे चित्र भिंतीवर! रोज देवपूजेला जाताना समोर!"

तेव्हा मला कळलं, मास्तर काय लपवत होते. ते धवलारीण लपवत नव्हते. धवलारीण म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या घरात तीन पिढ्या एकच संशय होता, की कोपऱ्यातली बाई ही पणजोबांची ठेवलेली बाई. समीक्षकानं तिला विधवा ठरवून करुणेचा विषय केला तेव्हा मास्तरांना सुटल्यासारखं झालं होतं. वहीत काय आहे ते त्यांना वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येतं अशा माणसाला ती दाखवायची त्यांची छाती नव्हती. मी इतके दिवस त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते पणजोबांवर.

आई म्हणाली, "मास्तर, कागद घरान ठेवून खरा-खोटा होत नाय. वाचून घ्या. पोर वाचंल, आपून ऐकू. जे हाय ते या चार भिंतींत."

मास्तरांनी कपाट उघडलं. फडकं सोडून वही माझ्यासमोर ठेवली. "वाच," म्हणाले, "जे असेल ते. गाळू नकोस."

"ती गाळनार नाय," आई म्हणाली. "दोनदा वाचंल."

मला भीती वाटत होती. वहीत ती बाई निघाली असती तर माझं काय होणार होतं? मास्तरांच्या घरची अब्रू गेली असती आणि आमची धवलारीणही बदनाम झाली असती. पहिली काही पानं रंगांच्या कृती, तेल किती, सफेता म्हणजे पांढरा रंग किती. मग माणसांची कच्ची रेखाटनं. मग चित्रातलं ते लग्नघर. मी अक्षर अक्षर लावत वाचू लागले. आजच्या बोलीत नाही, त्यानं लिहिलं तसं देते:

"बाईस विचारिले, तुझे चित्र काढू काय. म्हणाली, कागदावर घेऊन कोठे नेशील. तू सरकारचा माणूस, माणसे मोजावयास आलास. तीन लग्ने बसून पाहा, मग सांगेन. दाराशी बसू देईना. म्हणाली, पाहुण्या, इकडे माझ्यासमोर बस, तुझे हात मला दिसले पाहिजेत."

आई मधेच मोठ्यानं हसली. "बराबर! नजरंखाली ठेवला त्याला. मनाच कसा नाय सुचला!"

पुढचं पान: "इकडे भट बोलावीत नाहीत. हिच्यावाचून लग्न लागत नाही. हिचा नवरा वारला आहे, तरी मान सर्वांत हिचा. आमच्या घरी काकू अशाच, पण ओटीवरही येत नाहीत."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मास्तर म्हणाले, "पुढे."

"चित्र दाखविले. म्हणाली, तोंड मिटलेले काढिलेस. मी मुकी आहे काय? पुन्हा काढिले."

ज्या उघड्या तोंडाला समीक्षक हुंदका म्हणत होते ते तोंड त्या बाईनं स्वतः भांडून उघडायला लावलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली. आईनं सांगायची गरज पडली नाही.

वही संपली तेव्हा मास्तर उठून चित्रासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते विधवेच्या दुःखाचं चित्र नाहीच."

"नाही," मी म्हटलं.

"सुधारक होते की नव्हते मग?"

"काकूंविषयी एक ओळ आहे. तेवढंच मी लिहू शकते."

"तेवढंच लिही," म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. त्या लग्नाच्या पानांनंतर एक पान फाडलेलं होतं, अगदी शिवणीपासून. कोणी फाडलं, चित्रकारानं, त्याच्या बायकोनं की नंतर कोणी, ठाऊक नाही. मास्तरांनी ते बघितलं, मी बघितलं आणि पुढचं पान उलटलं. त्याच्याबद्दल मला आजही शंका आहे. प्रबंधात मी "एक पान उपलब्ध नाही" एवढंच लिहिलं, कारण मला तेवढंच ठाऊक होतं.

वहीची झेरॉक्स काढायला मास्तर स्वतः आले. मशीनपाशी उभे राहिले, प्रत्येक पान आपल्या हातानं काचेवर ठेवलं आणि मशीनवाल्याला म्हणाले, "खराब निघालेला एकही कागद टोपलीत टाकायचा नाही. सगळे इकडे द्या." विश्वास बसला म्हणून सवय थोडीच जाते. मलाही ते बरंच वाटलं.

जुनी तीस पानं मी बाजूला ठेवली आणि चार आठवड्यांत नवीन सत्तर लिहिली. आई रोज विचारायची, आज काय लिहिलंस, आणि मी वाचून दाखवायची. धवल्यांचा क्रम तिनं सांगितला. एका ठिकाणी मी चुकले तर म्हणाली, "असा लगीन लावलास तर नवरी नांदायची नाय." तळटिपेत मी माहिती देणारी व्यक्ती म्हणून तिचं नाव घातलं. सर म्हणाले, "आईचं नाव? नातं कशाला दाखवता, नुसतं नाव घाला." मी नातंही घातलं.

तोंडी परीक्षेला पुस्तिकेचे लेखक आले. पांढरे केस, खादीचा झब्बा. माझा प्रबंध त्यांच्यासमोर होता आणि त्यात बऱ्याच ठिकाणी कागदाचे तुकडे घालून ठेवले होते.

"तुम्ही माझी चूक काढली आहे."

"हो सर."

"मोडीचं हे लिप्यंतर तुम्हीच केलं? की कोणाकडून करून घेतलं?"

"मीच केलं."

"असं सगळेच म्हणतात." त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा ओढला आणि मी प्रबंधात न घेतलेलं, रंगांच्या कृतींचं एक पान मधूनच काढून माझ्यासमोर ठेवलं. "वाचा."

आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले. मी वाचलं. जवसाचं तेल उन्हात किती दिवस ठेवायचं, सफेता कोणत्या दुकानाचा घेऊ नये, त्यात खडू मिसळतात. एक शब्द लागला नाही. "हा मला लागत नाही," असं मी सांगून टाकलं.

त्यांनी पान जवळ घेऊन चष्म्याखालून बघितलं. "मलाही लागत नाही," म्हणाले. मग बराच वेळ प्रबंधातलं चित्राचं पान बघत बसले. "ते डोळे," शेवटी म्हणाले, "त्या बायांचे. मी वीस वर्षं हे चित्र बघतोय." एवढंच. माझ्याकडे न बघता त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावरही निकाल हातात पडेपर्यंत मी विश्वास ठेवला नाही. घरीही कोणी ठेवला नाही.

लघुप्रबंध मंजूर झाला. पुस्तिकेची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा चित्राखाली 'लग्न लावणारी धवलारीण' असं नाव छापलं गेलं आणि खाली माझ्या प्रबंधाचा उल्लेख आला. मी एम.ए. झाले आणि त्याच वर्षी भिवंडीत एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायला लागले.